कोकम सरबताच्या बाटलीचं ब्रँडिंग: नावापासून छापखान्यापर्यंत

घरगुती उद्योग करणारी माणसं डिझायनरकडे येतात तेव्हा पहिली मागणी बहुतेक ठरलेली असते: "एक छानसा लोगो करून द्या." पण पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये कोकणातल्या स्टॉलांसमोर जरा वेळ उभं राहून बघा. लाल लेबल, हिरवं पान, ठळक अक्षरांत ‘अमृत कोकम’ आणि खाली देवाचं किंवा घरातल्या मुलीचं नाव. लोगो जवळपास प्रत्येक बाटलीवर आहे. तरीही सरबत आवडून घरी नेलेल्या गिऱ्हाइकाला महिन्याभराने ते कोणाचं होतं हे आठवत नाही, आणि पुढच्या वर्षी तो शेजारच्या टेबलावरून बाटली उचलतो. चांगला माल करणाऱ्याचं असं नुकसान होताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उदाहरण एकच घेऊ. समजा, कुडाळच्या आसपासचं एक कुटुंब आहे. स्वतःची रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, झाडं आहेत. अमृत कोकम (साखरेतलं सरबत), आगळ (मिठातला कोकमाचा रस) आणि आमसुलं (वाळवलेल्या साली) असे तीन जिन्नस घरी होतात. आतापर्यंत माल ओळखीपाळखीत आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या हातून खपला, आता दुकानात ठेवायचा आहे. कुटुंब कल्पनेतलं आहे, अडचणी मात्र नेहमी समोर येणाऱ्या आहेत. तुमची भाजणी असो, मसाला असो की साबण, क्रम हाच राहील.

माझं सांगणं थोडक्यात असं: आपल्या मालाबद्दलची एक खरी आणि नेमकी गोष्ट शोधा, आणि नाव, अक्षर, रंग, लेबल, फोटो, व्हॉट्सॲपवरचा मेसेज या सगळ्यांकडून तीच वदवून घ्या.

आधी दुकानं फिरा, मग गिऱ्हाइकांचं ऐका

डिझायनरला फोन करण्याआधी एक दिवस बाजारात काढा. गावातलं किराणा दुकान, शहरातलं कोकण मेवा विकणारं दुकान आणि एखादं मोठं सुपरमार्केट अशा तीन ठिकाणी जा. मिळतील तेवढ्या कोकम सरबताच्या बाटल्या विकत घ्या आणि घरी टेबलावर ओळीने मांडा. आता सहा फुटांवरून मोबाइलने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंग गेल्यावर कोणती बाटली वेगळी ओळखू येते? बहुतेक वेळा एखाददुसरी. बाजारात तुमच्यासाठी कुठे जागा मोकळी आहे, हे या एका फोटोत दिसतं.

मग जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. "आमचं सरबत कसं वाटतं?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "शेजारणीला आमच्याबद्दल सांगताना तुम्ही काय सांगता?" असं विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. कोणी म्हणेल, "याला कोकमाचा खरा आंबटपणा आहे, नुसती साखर लागत नाही." कोणी म्हणेल, "दोन चमच्यांत ग्लास होतो." कोणी म्हणेल, "त्यांच्या घरची झाडं आहेत हो." लेबलवरचा मजकूर लिहायला बसाल तेव्हा ही वही कुठल्याही जाहिरातवाल्यापेक्षा जास्त कामाला येईल.

एक वाक्य ठरवा

वहीतल्या नोंदींतून एक वाक्य काढायचं. त्याचं पहिलं काम लेबलवर छापणं नाही, पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर घासून बघणं. "शुद्ध, नैसर्गिक, घरगुती चवीचं कोकम सरबत" हे वाक्य नापास, कारण शेजारच्या टेबलावरचाही तेच म्हणतो.

आपल्या कुटुंबाकडे सांगण्यासारखं काय आहे? रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. फळं काढायची, फोडायची, साली साखरेत घालून उन्हात मुरवायच्या, आमसुलांसाठी सालींना रसाची पुटं देत वाळवायचं, हे सगळं पाऊस यायच्या आत उरकावं लागतं. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागतं, त्याला मालवणीत मिरग म्हणतात. मिरगाच्या आत उन्हातली कामं आटोपली नाहीत तर माल हातचा जातो. तेवढे दिवस घरातले सगळे त्यातच गुंतलेले असतात. म्हणून वाक्य असं: "आमच्या झाडांच्या रातांब्यांचं, मिरगाआधीच्या उन्हात मुरलेलं सरबत."

यात झाड आहे, ऊन आहे, वेळ आहे, आणि शब्दन् शब्द खरा आहे. खरा असणं सगळ्यात महत्त्वाचं. निम्मे रातांबे बाहेरून विकत घेत असाल तर ‘आमच्या झाडांच्या’ लिहायचं नाही. पुढे माल वाढला आणि बाहेरचा घ्यावा लागला तर वाक्य बदलावं लागेल, हेही आत्ताच लक्षात घ्या.

नाव

‘अमृत कोकम’ हे नाव घेऊ नका. ते पदार्थाचंच नाव झालंय, अख्खं कोकण ते वापरतं, ते कोणा एकाचं होऊ शकत नाही. ‘रातांबा’ मोहात पाडतं, पण तो कच्चा माल आहे. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुण, घटक किंवा उगमस्थान एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदवलं जात नाही. ‘मालवण कोकम’चीही तीच गत.

मग ‘पडवी’ कसं? रातांबे फोडायला बायका पडवीतच बसतात, शब्द गोड आहे. फोनवर बोलून बघा. समोरच्याला ‘पदवी’ ऐकू येतं. रोमन लिपीत लिहिलं की ‘पाडवी’ आडनाव वाचलं जातं. ‘खळं’ छान आहे, आमसुलं खळ्यातच वाळतात, पण रोमन लिपीत ‘ळ’ टिकत नाही आणि हिंदी वाचणाऱ्याला ‘खाला’ दिसते. उदाहरणापुरतं आपण ‘मिरग’ धरू. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, ‘ळ’ नाही, थेट आपल्या वाक्यातून आलंय, आणि उद्या फणसाची साठं किंवा आंबापोळी काढली तरी चालतं, कारण तीही पावसाआधीचीच कामं.

कुठल्याही नावाची परीक्षा अशी घ्या: अनोळखी माणसाला फोनवर एकदाच सांगा आणि मेसेजमध्ये लिहून पाठवायला सांगा. तीन-चार जणांनी बरोबर लिहिलं तर नाव चालेल. रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि इन्स्टाग्राम, वेबसाइट, लेबल सगळीकडे तेच वापरा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या उद्योगांची तीन ठिकाणी तीन स्पेलिंगं असतात.

नोंदणी: छपाईच्या आधी

नाव पक्कं वाटलं की भारत सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक ट्रेडमार्क शोध आहे, तिथे बघा. तो फुकट आहे. उच्चाराने सारखी नावंही तपासा, ‘मिरगा’, ‘मृग’, ‘मिराग’ सगळी. नाव कोणत्या मालासाठी नोंदवलंय हे वर्गावरून ठरतं: सरबतं वर्ग ३२ मध्ये, लोणची वर्ग २९ मध्ये, मसाले आणि पिठं वर्ग ३० मध्ये. आज जे विकता आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नक्की विकणार, तेवढेच वर्ग घ्या, कारण शुल्क दर वर्गाला वेगळं पडतं. एकटी व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला छोटा उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ९,०००. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण होतं.

अर्ज तपासला जातो, मग सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, त्यानंतर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. या सगळ्याला वेळ लागतो. तोवर नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे. जत्रेत असल्या कितीतरी बाटल्या दिसतात. डिझायनरने सवयीने टाकलेला असतो, मालकाला पत्ताही नसतो.

आणखी एक काळजी. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ याला भौगोलिक मानांकन आहे. जिल्ह्यात तुमची झाडं आहेत एवढ्यावर ते चिन्ह छापता येत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. ती जरूर करा. तुमच्या मालासाठी ते खरं आणि वजनदार प्रमाणपत्र आहे.

अक्षर

पैसे कमी असतील तर ते इथे घाला. नाव देवनागरीत असेल तर वेगळं चित्र काढायची गरज नाही, नावाचं अक्षरच लोगो होतं. मराठीत ही परंपरा किती मोठी आहे! कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी केलेली नाटकांच्या नावांची अक्षरं वर्तमानपत्राच्या जाहिरातीत दिसली की नाटकाचा स्वभाव आधी कळायचा, नाव नंतर वाचलं जायचं. हे बळ आपल्या लिपीत आहे आणि आपण ते सोडून इंग्रजी अक्षरांच्या मागे लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘मिरग’ची अक्षरं कशी असावीत? पहिलंच अक्षर ‘मि’, म्हणजे वेलांटी सगळ्यात पुढे. ती वेलांटी शिरोरेषेवरून भरून आलेल्या ढगासारखी फुगवता येईल आणि तिच्या सावलीत पुढची दोन अक्षरं ठेवता येतील. हा विचार सुलेखनकाराला द्यायचा, चित्र आपण काढून द्यायचं नाही. त्याला वाक्य सांगा, बाटली दाखवा, शक्य असेल तर रातांबा हातात द्या. दहा-बारा कच्ची रेखाटनं मागा. पसंत पडलेलं अक्षर नखाएवढं लहान करून बघा आणि एका रंगात बघा. रबरी शिक्क्यावर ते वाचता आलं पाहिजे, कारण खोक्यावर ते तसंच उमटणार आहे.

बाकीच्या मजकुरासाठी तयार फाँट लागेल. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फाँट आहेत: मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स, टायरो टाइपवर्क्सचा टायरो देवनागरी मराठी. निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना ते बघा, हिंदी वळणाचे बरेचदा गुपचूप येऊन बसतात. ‘रातांब्याच्या’ आणि ‘ताऱ्याच्या’ असे शब्द टाइप करून जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’ नीट येतात का पाहा. ‘ॲ’ सुद्धा पाहा.

इंग्रजीत काम करणाऱ्या डिझायनरांना दोन गोष्टी आठवणीने सांगाव्या लागतात. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायची, कारण आपल्या मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात. एक धोका मात्र खास आहे. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) सुरू केलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे पडते आणि ‘मिरग’चं भलतंच काहीतरी होतं. ज्याला मराठी येत नाही त्याला ते स्क्रीनवर कळत नाही, आणि छापून आल्यावर उपयोग नसतो.

रंग

कोकमाची बाटली म्हटली की सगळे लाल लेबल करतात. पण पारदर्शक बाटलीत लाल रंग आधीच आहे! सरबत स्वतःच इतकं सुंदर दिसतं की त्याच्यावर लाल कागद चिकटवणं म्हणजे त्याला झाकणं. मी इथे पावसाआधीच्या आभाळाचा निळसर राखाडी घेईन, वर गडद आणि खाली उतरत फिका, त्यावर पांढरं ‘मिरग’. लालभडक सरबत आणि वर दाटलेलं आभाळ. टेबलावर मांडलेल्या त्या बाटल्यांच्या रांगेत ही लगेच वेगळी दिसेल, आणि रंगही आपल्या वाक्यातूनच आलाय.

आगळाला आणि आमसुलांना वेगळे रंग देऊ नका. आभाळ तेच ठेवा, खालची एक पट्टी बदला. तीनच जिन्नस असताना तीन वेगवेगळे रंगसंच केले की तीन वेगळे उद्योग वाटतात.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. उजेडाने आणि उष्णतेने ती हळूहळू विघटतात आणि सरबत तपकिरीकडे झुकतं. त्यामुळे दुकानदाराला बाटल्या उन्हात मांडू देऊ नका, आणि पुठ्ठ्याचं खोकं परवडत असेल तर जरूर करा.

लेबल

लेबलचा पुढचा भाग तीन वेळा वाचला जातो. सहा फुटांवरून नाव आणि रंग दिसतो. हात लांबवताना काय आहे ते कळावं लागतं: ‘कोकम सरबत’, आणि खाली छोट्या अक्षरांत ‘पाण्यात घालून पिण्यासाठी’. बाटली हातात आल्यावर एक ओळ वाचली जाते, तिथे आपलं वाक्य: ‘आमच्या झाडांचे रातांबे, मिरगाआधीच्या उन्हात मुरलेले.’ एवढंच. फळांचा ढीग, पाण्याचे शिंतोडे, ‘१००% शुद्ध’चा तारा, सगळं काढून टाका.

मागची बाजू कायद्याची. ती आधी लिहून घ्या आणि मग पुढची सजवा, कारण जागा तीच खाते. खाद्यपदार्थाच्या बंद पाकिटावर हे लागतं: पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, शाकाहाराची हिरवी चौकट व आत हिरवा ठिपका, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत, साठवण्याची सूचना, सर्व करांसह एमआरपी, एककाची विक्री किंमत (जसं दर मिलिलिटरला किती) आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन व ईमेल. वजनमापाचे नियम २०११ चे आहेत आणि खाद्य लेबलचे २०२० चे, दोन्हींत दुरुस्त्या होत असतात. म्हणून छापायच्या आधी एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

घटकांच्या क्रमात साखर पहिली येणार असेल तर ती पहिली लिहा. अमृत कोकमात साखर भरपूर असते, ते लपवून पुढे ‘आरोग्यदायी’ छापणं ही फसवणूक होईल. प्रिझर्व्हेटिव्ह घातलं असेल तर तेही नावाने किंवा क्रमांकाने यायला हवं. सोडियम बेंझोएटचा आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, २११ आहे.

इथे मराठी उद्योजक हमखास अडखळतात: हा सगळा कायदेशीर मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावाच लागतो. त्याच्या जोडीला मराठी वापरायला पूर्ण मुभा आहे, पण फक्त मराठी चालत नाही. मी मागची बाजू इंग्रजीत आणि पुढची जमेल तेवढी मराठीत करते. गिऱ्हाइकाशी बोलणारी बाजू आपल्या भाषेत राहते आणि नियमही पाळला जातो.

दाव्यांबद्दल सांभाळा. ‘पित्तावर रामबाण’, ‘मधुमेह घालवतो’ असं खाद्यपदार्थाच्या लेबलवर लिहिता येत नाही. जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे नियम ‘पारंपरिक’ शब्दालाही अट घालतात: ती पाककृती किंवा पद्धत पिढ्यांपासूनची, किमान ३० वर्षांची असावी. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘ओरिजिनल’ असे शब्द ब्रँडच्या नावातच असतील आणि त्यामुळे दिशाभूल होत असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे असा खुलासा किमान ३ मिलिमीटर अक्षरांत छापावा लागतो. नावात हे शब्द न घालणं सोपं.

बारकोड फक्त सुपरमार्केटमध्ये किंवा ऑनलाइन बाजारात जायचं असेल तरच लागतो, आणि तो जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घ्यायचा. त्यांच्या भारतीय क्रमांकांची सुरुवात ८९० ने होते. बारकोडच्या रेषा लाल रंगात कधीच छापू नका. पुष्कळ स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला पांढऱ्यावरची लाल रेषा दिसतच नाही. काळ्या रेषा, पांढरी पार्श्वभूमी.

छापखाना

सरबताची बाटली फ्रीजमध्ये राहते, बाहेर काढली की घामेजते, आणि ओतताना पाक एका बाजूने ओघळतो. साध्या क्रोमो कागदाचं लेबल चार दिवसांत कडेने सुटतं आणि ओघळलेल्या पाकाचा काळपट पट्टा त्यावर बसतो. त्यामुळे प्लॅस्टिक फिल्मचं, म्हणजे पीपीचं लेबल घ्या आणि वरून लॅमिनेशन करून घ्या. हजारो छापण्याआधी दहा नमुने मागा. बाटल्यांना चिकटवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढा, ओल्या हाताने चोळा, मुद्दाम पाक सांडून पुसा. ही परीक्षा चुकवू नका.

आमसुलांच्या पाऊचबद्दल. रंगीत छापील पाऊच ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरांच्या छपाईने होतात, तिथे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि किमान मालही फार मोठा घ्यावा लागतो. पहिली एक-दोन वर्षं साधा पाऊच आणि त्यावर चांगलं लेबल, एवढं पुरे. मजकुरात बदल करावे लागतातच, आणि गोदामात जुने पाऊच पडून राहिले की पैसे अडकतात.

फाइल देताना: सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) रंग, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), आणि सगळा मजकूर कर्व्हमध्ये बदललेला, म्हणजे अक्षरांचे आकार झालेला. शेवटची गोष्ट देवनागरीसाठी फार महत्त्वाची. आपले बरेच छापखाने कोरलड्रॉवर आणि जुन्या नॉन-युनिकोड फाँटवर चालतात, तिथे तुमची फाइल उघडली की अक्षरं बदलून बसतात. संपादन करता येणारी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. तारीख, बॅच आणि एमआरपीची जागा कोरी सोडा आणि ती शिक्क्याने किंवा इंकजेटने भरा, म्हणजे उरलेली लेबलं पुढच्या हंगामात वापरता येतात.

छापायला जाण्यापूर्वी मजकूर दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. एक जण शुद्धलेखन बघेल, दुसरा फक्त आकडे: परवाना क्रमांक, फोन, मिलिलिटर.

फोटो

इंटरनेटवरचे फोटो घेऊ नका. हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय कोकम म्हणून सापडणाऱ्या फोटोंत बरेचदा मँगोस्टीन असतो. तो कोकमाच्याच कुळातला, पण कोकणी माणूस एका नजरेत ओळखतो आणि तिथेच विश्वास उडतो.

फोटोग्राफर मे महिन्यात घरी बोलवा. परवडत नसेल तर चांगला मोबाइल पुरतो. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद. पाच फोटो तरी घ्या: झाडावरचा रातांबा, फोडतानाचे लालभडक हात, उन्हातली बरणी, ग्लासात उतरणारं सरबत, आणि साध्या पार्श्वभूमीवर बाटली. हातांचा फोटो सगळ्यात बोलका असतो. घरच्या माणसांचे चेहरे घ्यायचे तर त्यांना विचारून, आणि नटवून बसवू नका.

बोलणं

व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावला की लोक ‘धमाका ऑफर! त्वरा करा!!’ लिहायला लागतात. तुम्ही घरी बोलता तसं लिहा: "नमस्कार. यंदाचे रातांबे उतरले. पहिल्या बरण्या उन्हात लावल्यात, बाटल्या पुढच्या आठवड्यात भरू. ज्यांना हव्यात त्यांनी नाव कळवून ठेवा." माल संपला तर तसंही कळवा: "या हंगामाचं सरबत संपलं. पुढचं मे महिन्यात." हंगामी मालाला हे सांगण्याचा अधिकार आहे, आणि गिऱ्हाईक त्याचा मान ठेवतं.

दुकानदाराला मात्र वेगळा मजकूर लागतो: मार्जिन किती, खोक्यात बाटल्या किती, मुदत किती, फुटलेला माल परत घेणार का. हे एका पानावर छापून ठेवा, त्यावर तेच आभाळ आणि तेच अक्षर.

डिझायनरशी व्यवहार

काम देताना लेखी द्या: वाक्य, जिन्नस, बाटलीचं नेमकं माप, कायदेशीर मजकूर, कोणत्या तारखेला काय हवं, किती वेळा बदल करून मिळतील. पैसे टप्प्याटप्प्याने.

आता एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लोगोचा कॉपीराइट, लेखी करार नसेल तर, साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमची बाटली उद्या दुबईच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जायची असेल तर ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द त्या पत्रात हवेत. चांगला डिझायनर सही करायला कां-कूं करत नाही. शेवटच्या हप्त्याबरोबर हे पत्र, मूळ फाइली आणि फाँटचे परवाने ताब्यात घ्या.

वेळापत्रक

कोकमाचं गणित थोडं अवघड आहे. सरबताला मागणी मार्चपासून चढते आणि नवा माल मे महिन्यात तयार होतो. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये विकायचा तो गेल्या हंगामाचा साठा. त्या मानाने मागे मोजत या. दिवाळीनंतर बाजार फिरणं आणि गिऱ्हाइकांचे फोन. नोव्हेंबर संपायच्या आत नाव आणि ट्रेडमार्कचा अर्ज. डिसेंबरमध्ये अक्षर. जानेवारीत लेबलचा मजकूर आणि मांडणी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नमुने आणि फ्रीजची परीक्षा, दुसऱ्या पंधरवड्यात छपाई. पहिली छपाई एका हंगामापुरतीच करा. एप्रिल-मेमध्ये दुकानदार आणि गिऱ्हाइकं जे जे विचारतील ते लिहून ठेवा: "ग्लासाला किती चमचे?", "उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं का?", "आगळ आणि सरबत यात फरक काय?" जो प्रश्न पुन्हा पुन्हा येईल त्याचं उत्तर पुढच्या छपाईत मागच्या बाजूला, पोषणमूल्यांच्या तक्त्याच्या वर, मराठीत छापा.